पोह्यांवरून गेलेली नोकरी

इंदूरच्या पोलोग्राउंडला मी शेवेची पाकिटं भरायच्या मशीनवर होतो ना, तिथून मला का काढलं माहीत आहे? शेजारच्या कारखान्याच्या फोरमनबरोबर पोहे खाताना दिसलो म्हणून. मालक म्हणाले, "आपल्या मशीनची सेटिंग तू त्याला सांगितलीस." मला घरी धड बोलता येत नाही, फोरमनला काय सांगणार?

मालकांच्या वकिलांनी कागद पुढे केला. "दोन वर्षं इंदूरमध्ये अशा मशीनवर काम करायचं नाही. आणि या मशीनबद्दल कुणालाही एक शब्द सांगायचा नाही."

"सही नाही केली तर?"

"तो फिर अनुभवाचं पत्र भूल जा, भिया."

शाळा मी नववीतच सोडली. काम येतं ते हेच. बोलायला गेलो असतो तर अडखळलो असतो, म्हणून पेनच उचललं. पहिली अट आडवी खोडली, दुसरीखाली सही केली.

वकील मालकांना हळूच म्हणाले, "राहू द्या, कोर्टात ती पहिली अट तशीही टिकली नसती."

मालकांनी पत्र दिलं. मग म्हणाले, "जाता जाता या नवीन ऑपरेटरला सेटिंग समजावून दे."

"नाही जी. कुणालाही सांगायचं नाही, आत्ताच सही केली."

"अरे, हा आपलाच माणूस आहे."

"तुमचा असेल. मला तर तुम्ही काढलंत."

वकील कागद पुन्हा वाचायला लागले. मी सरळ शेजारच्या गेटवर जाऊन विचारलं, "ऑपरेटर पाहिजे का?"