चांदीचं बोंडलं

बायांनो, चहा राहू द्या, आधी हे ऐका! माझ्या तान्ह्या पोरीच्या जिभेवर पांढरा थर आलता. सासूबाई म्हणल्या, "दूध साचलंय, पुसून काढ." पुसलं तर निघंना, वरून रक्तच आलं! तशीच उचलली आन् आमच्या सिरसाळ्यातल्याच डॉक्टरकडं पळाले.

"ही बुरशी आहे. पुसू नका. तिच्या तोंडात हे थेंब टाका आणि तुम्ही पाजता, म्हणून तुमच्या छातीला हे मलम लावा."

आठ दिवसांत जीभ साफ झाली, आन् महिन्याभरात परत पांढरी! या वेळी सासूबाईबी माझ्यासंगं दवाखान्यात आल्या. डॉक्टर लई चिडले. "तोंडात काय घालता हिच्या?"

सासूबाई म्हणल्या, "घुटी. शेजारच्या मावशीच्या चांदीच्या बोंडल्यातनं."

"ते भांडं उकळून घेता का?"

"उकळायचं कशाला? लई गुणाचं बोंडलं हाय! गल्लीतली सगळी लेकरं त्यातनंच घुटी पेलीत."

"आत्ता कुणाकडं आहे ते?"

"तुमच्याच घरी की! तुमच्या बाळासाठी सकाळीच तुमच्या आई मागून घेऊन गेल्या."

डॉक्टर ताडकन उठले आन् फोनवर ओरडले, "आई, ते बोंडलं आधी खाली ठेव!"