‘क्लिअर’चा कर्ता

सकाळचे साडेदहा. सदाशिव पेठेतल्या एका खासगी इस्पितळाचं ऑपरेशन थिएटर. टेबलावर मी, तोंडावर हिरवं कापड, कापडाला एकच भोक आणि त्या भोकातून बाहेर माझं नाक. हसू नका! जन्मभर हे नाक मी दुसऱ्यांच्या कारभारात खुपसलं, बातमीदाराचा धंदाच तो, आणि आता तेच नाक असं उघड्यावर मांडलेलं, येणारा-जाणारा वाकून बघतोय!

तुम्हाला सांगतो, सुरुवात एका फोडापासून झाली. नाकपुडीच्या जरा वर. मी म्हटलं, मुरूम असेल. आमच्या श्यामलाबाई म्हणाल्या, "या वयात मुरूम येत नाहीत, अक्कल येते. तुम्हाला दोन्ही नाही, तेव्हा डॉक्टरांना दाखवा." दाखवलं, तर निघाला कातडीचा कॅन्सर! डॉक्टर कादंबरी म्हणून बाई आहेत, नाव कादंबरी आणि बोलणं पोस्टाच्या तारेसारखं. "लांब पसरत नाही सहसा. पण मूळ राहिलं तर परत येतो. नाक खातो." नाक खातो! आणि हे सांगताना चेहरा असा, की जणू चहात साखर कमी आहे.

पद्धत अशी, की भूल फक्त नाकापुरती. एक पातळ चकती कापायची, शेजारच्या खोलीत नव्या मायक्रोस्कोपखाली तिथल्या तिथे बघायची, चकतीच्या कडेला कॅन्सर दिसला तर तेवढ्याच जागी आणखी कापायचं, आणि कड स्वच्छ निघाली की टाके. म्हणजे काय, माझं नाक सुरीच्या नाही, बघणाऱ्याच्या भरवशावर! पटलं मला. फक्त एकच गोष्ट सांगायची राहिली होती... बघणारे अजून बघायला शिकत होते!

शिकू नये असं कोण म्हणतंय? शिकलंच पाहिजे! नवं यंत्र आलं, ते वाचायला माणसं नकोत? पण मला आधी सांगाल की नाही? विचारलं तर म्हणे, "सांगण्यात आलं होतं." कोणी सांगितलं? कर्ता कुठाय?

तर शेजारच्या खोलीत दोन तरुण डॉक्टर, शौनक आणि मेहनाज. मधलं दार उघडं. मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतंय. भूल नाकाला दिली होती, कानाला नव्हे!

"डाव्या कोपऱ्यात बघ ना," मेहनाज म्हणतेय, "अगदी कडेला. बेट वाटतंय मला." बेट म्हणजे कॅन्सरच्या पेशींचा पुंजका, पडद्यावर तसा दिसतो म्हणून.

"अगं, केसाचं मूळ आहे ते. सेम दिसतं."

"सेम दिसतं म्हणूनच तर म्हणतेय!"

माझ्या जिभेवर आलं होतं, की बाबा रे, डोक्यावरचे राहिले नाहीत ते नाकावर कुठले राहतात! पण गप्प बसलो. मग शौनकचा आवाज, "थांब, ब्लर झालं, नॉब फिरवतो..." आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या उशाशी कापूस दाबून बसलेल्या कादंबरीबाईंनी इकडून हाक दिली, "क्लिअर?"

तिकडून खणखणीत, "क्लिअर आहे, मॅम!"

झालं! बाई म्हणाल्या, "सुई द्या."

आता मला सांगा, चाळीस वर्षं ज्यानं 'धायरीचं पाणी बंद झालं' हे वाक्य वाचून 'अरे, बंद केलं कोणी?' म्हणून टेबलं आपटली, 'कर्ता कुठाय?' म्हणून निम्मं कार्यालय शत्रू करून घेतलं, तो माणूस अशा वेळी निमूट टाके घालून घेईल? कापडाखालून ओरडलो, "थांबा! काय क्लिअर आहे?"

"काका, हलू नका."

"हलत नाहीये! व्याकरण विचारतोय! क्लिअर आहे, पण काय? चित्र की कड? कर्ता कुठाय?"

मग दारातून शौनक, आवाज एकदम बारावीतल्या पोरासारखा. "मॅम... मी इमेजचं म्हणालो. आत्ता कुठे फोकस झालीये. कड अजून... वाचायचीये."

"सुई ठेवा," बाई म्हणाल्या. हातमोजे काढल्याचा फट्ट आवाज आला आणि त्या आत गेल्या.

"केसाचं मूळ असेल तर पुढच्या थरात त्याची वाट दिसेल. दाखव."

"...नाहीये, मॅम."

"मग काय आहे?"

"बेट."

"कोणी सांगितलं होतं?"

"मेहनाजनी."

"आणि मेहनाज, तू मला का नाही सांगितलंस?"

"हा इतका खात्रीनं बोलत होता मॅडम, की मलाच वाटलं मी चुकतेय."

ऐकलंत? माझं नाक एकाच्या खात्रीपायी आणि दुसरीच्या भिडेपायी जाणार होतं!

आणखी एक चकती निघाली. या वेळी मी आडवा पडल्या पडल्या फर्मान सोडलं, "पूर्ण वाक्य! त्याशिवाय सुई लागू देणार नाही!" कादंबरीबाई म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." तेव्हा शौनक, शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तसा: "कडेला कॅन्सर नाही, मॅम. चारही बाजू मी पाहिल्या." आणि मागोमाग मेहनाज, या वेळी मोठ्यानं, "मीही पाहिल्या!"

आला कर्ता! एक सोडून दोन आले! मग टाके.

नाक वाचलं. डावीकडून जरा चपटं झालंय. श्यामलाबाई म्हणतात, "बरं झालं, खुपसायला थोडं कमी उरलं." त्या थिएटरात आता 'क्लिअर' शब्दाला बंदी आहे, बंदी कादंबरीबाईंनी घातली, त्यांचं नाव घेऊन सांगतो.

पण निघताना मी त्यांना विचारलं, "हे शिकवणं कधीपासून चाललंय?"

"गणपतीपासून."

"मग तेव्हापासून या टेबलावर 'क्लिअर आहे' ऐकून ज्यांना टाके घातले, त्यातल्या कितींची कड क्लिअर होती आणि कितींचं नुसतं चित्र?"

बाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "मलाही तेच जाणून घ्यायचंय. वर विचारा. मीही विचारते."

विचारलं! नाकाला पट्टी लावून रोज जाऊन व्यवस्थापनाच्या दारात बसतो, शिपाई आता मला न विचारता चहा देतो. त्यांना वाटतं पट्टी सुटली की हा माणूसही सुटेल. सुटत नाही! शेवटी काल उत्तर आलं. एका ओळीचं. "सर्व जुन्या प्रतिमांची फेरतपासणी करण्यात येत आहे."

करण्यात येत आहे! तीनदा वाचलं, तुम्हाला सांगतो, चष्मा पुसून वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक नाही. फक्त कर्ता कुठाय, ते काही कोणी सांगत नाही.