येळवशीला टाकोची पंगत

हॅलो? … हां पुनमताई, बोल, बोल! … अगं ओरडतेय कशाला म्हणजे, इथं स्पीकर चालू आहे! थांब, गाडीच्या मागं जाते… हं. आता येतंय ऐकू?

अगं, काय सांगू तुला! इथं पार गोंधळ झालाय… नाही, नाही, कुणाला काही लागलं नाही. अण्णा ठीक आहेत, दादा पण ठीक आहे… म्हणजे, ठीक काय… तुमच्या बिलोलीची जेवणं उरकली का? … उरकली ना? मग आधी बस खाली.

सगळं गाव वाळूत बसलंय ताई.

… वाळूत गं! दादानं आपल्या बांधालगतच्या तलावाच्या काठाला नाही का वाळू अंथरली, समुद्रकिनारा वाटावा म्हणून? त्याच वाळूत. रांगेनं, मांडी घालून. पंगत बसलीय, पंगत!

… अगं टाको खायला! दादाच्या गाडीसमोर! … हाव, गिऱ्हाईक एक नाही आणि जेवायला अख्खं गाव!

कसं म्हणजे, ऐक ना. काल दादा घरोघर फिरला. 'उद्या येळवशीला तलावावर या, माझ्या गाडीवर टाको खायला या, लेकराबाळांना घेऊन या.' … हो, हो, अस्संच म्हणाला. बजरंगकाकांच्या ओसरीवर बसून म्हणाला. भामाकाकूला तर पार चुलीपर्यंत जाऊन सांगून आला. आता तूच सांग, येळवशीच्या आदल्या दिवशी कुणी दारात येऊन 'रानात खायला या' म्हटलं, तर त्याला आपल्यात काय म्हणतात? … बरोब्बर! आवतन! वेळा अमावस्येच्या सणाला आपण वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हात धरून रानात जेवायला बसवतो, त्या दिवशी पैसे कोण मागतं का? आठ वर्षं जहाजावर स्वयंपाक करून हा ते विसरलाच की! त्याला वाटलं, आपण जाहिरात करायलोय. गावाला वाटलं, श्रीमंतअण्णांचं पोरगं जग फिरून आलंय, सगळ्यांला जेवू घालायलंय.

… हसू नकोस गं! मला पण आधी हसूच आलं होतं. पण दादाचं तोंड बघितलं असतंस ना…

… हाव, आजच कळवायचंय. संध्याकाळी. त्या जहाजाच्या कंपनीनं परत बोलावलंय ना, हो की नाही, आजच. अण्णांनी काय सांगितलंय तुला माहितीय ना? 'मला पटलं तर गाडी हितं बांधावर राहील, न्हाई पटलं तर गप जहाजावर जायचं.' म्हणून तर ह्यानं येळवस धरली. म्हणाला, त्या दिवशी रानात माणूसच माणूस असतं, गर्दी बघून अण्णा हो म्हणतील. डोकं लावलं भावानं!

गाडी ना? लई भारी दिसायलीय. तोच जुना टेम्पो, निळा मारलाय, वरती लाटा काढल्यात… पेंटरनं समुद्र कधी बघितलेला नाही, त्यामुळं लाटा बालाघाटच्या डोंगरासारख्या झाल्यात. आणि नारळाचं झाड कुठं मिळेना, म्हणून लोखंडी पाइपाला शिंदीच्या फांद्या बांधल्यात. भामाकाकूनं आल्या आल्या त्याला हळदकुंकू वाहिलं ताई! … तुझी शप्पथ!

… टाको म्हणजे गं, मक्याची एवढुशी पोळी असते, मेक्सिकोची. तिच्यात राजमा, कांदा, कोथिंबीर, लिंबू. आणि वरून सगळं हवाईचं. भाजलेला अननस, खोबरं, अन् ते काळं गोड-खारट सॉस… छे, मासे कुठले! अमावस्येला? म्हणजे तो घालणारच होता, आईनं डोळे वटारले तेव्हा पनीर आलं.

हां, तर ऐक. पहिली आली भामाकाकू. चपला काढल्या, हात धुतले, पदर खोचला आणि बसली वाळूत. शेजारी तिची नातवंडं. मग बजरंगकाका आले, त्यांचे जावई आले. आमचे गणिताचे धम्मानंद सर पण आले, बाईंना आणि मुलांना घेऊन! बघता बघता रांग पार विहिरीपर्यंत गेली. दादा खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारतोय, 'काय देऊ काका? ऑर्डर सांगा.' काका म्हणतात, 'आरं आमचं काय, जे आसंल ते वाढ!' … दादा पांढराफटक पडला ताई. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं.

मी? मी म्हटलं, आपण सांगू. … हो, मीच! का? गॅदरिंगला अख्ख्या शाळेसमोर सूत्रसंचालन केलंय मी. पाहुणे आले की आत पळणारी रुद्राणी गेली आता. माईक होताच हातात. 'मंडळी, कृपया आधी पैसे…' एवढं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा आले.

… हाव ना! रानातल्या कडब्याच्या खोपीतून आले. पांडवांची पूजा करून, सगळ्या रानाला आंबील शिंपडून. हातात आंबिलीचं गाडगं तसंच. आले आणि गाडीवरची दराची पाटी वाचत उभे राहिले. लई वेळ वाचली ताई. मला वाटलं, आता टेम्पो तलावात जातोय.

… नाही ना ओरडले! तेच तर! ओरडले असते तर परवडलं असतं. एकदम हळू म्हणाले, 'आदिनाथ, येळवशीला? लक्ष्मीच्या म्होरं? माझ्या बांधावर अन्न इकायलास?'

… स्पीकरवर ते हवाईचं गाणं आपलं टुंगटुंग टुंगटुंग चालू. भामाकाकू तर उठायलाच लागली, बिचारीनं हात टेकला वाळूवर…

आणि मग ताई… थांब, मला दम लागलाय… अण्णा म्हणाले, 'भामा, बस खाली. बसल्याली पंगत उठत नसती.' गाडगं दिलं माझ्या हातात. हात धुतले. धोतर सावरलं. आणि खिडकीपाशी जाऊन दादाला म्हणाले, 'दे हिकडं. मी वाढतो.'

अण्णा ताई, अण्णा! दादा आल्यापासून त्याच्या हातचा चहा न घेतलेले अण्णा! दोन्ही हातात टाको घेऊन रांगेनं वाढत सुटले! … खोटं कशाला बोलू? फोटो काढलाय मी, हात हलल्यामुळं नुसता निळा आलाय. त्यांना नाव पण घेता येईना. 'हे घ्या… हे आमच्या आदिनाथचं घ्या… लाजू नका, आजून एक घ्या.' आग्रह करायलेत गं! काका नको नको म्हणून हात आडवा धरायलेत, अण्णा हाताखालून सरकवायलेत!

… तर मग मक्याच्या पोळ्या संपल्या. संपणारच! आई उठली, खोपीतून बाजरीच्या भाकरीची चवड आणली. दादानं भाकरीचा चतकोर घेतला, त्यात पनीर, अननस… आणि आईनं वरून पळीभर भज्जी घातली!

… येळवशीची भज्जीच, सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची! अननसावर! … शी काय, शी काय? खाऊन बघ आधी! धम्मानंद सरांनी परत मागून घेतलं. सरांनी! जे पेपरात अर्धा मार्क जास्त देत नाहीत!

दादा? … आत आहे. तवा चरचरतोय, पंखा घरघरतोय, खाली मान घालून नुसता भाजत सुटलाय. मघाशी गेले होते मी. मला म्हणाला, 'रुद्रे, झालं आपलं. अण्णांला नाहीच पटलं. संध्याकाळी जहाजाला हो म्हणून टाकतो.' … मी बाहेर आले, तेवढ्यात तुझाच फोन आला.

… अगं अण्णा गाडीबद्दल काही बोलतच नाहीत. नुसते वाढायलेत. कुणाला कळणार त्यांच्या मनात काय आहे?

… कोण, मी विचारू? आत्ता? सगळ्यांसमोर? … ताई, तुला तिकडं बसून बोलायला काय जातंय! … हं. … हं. … हो, ते खरंय, आई विचारणार नाही आणि दादा तर जन्मात नाही. … बरं. बरं! थांब, गाडीच्या पुढं येते. फोन चालू ठेव. कापू नकोस हं.

अण्णा! ओ अण्णा!… दादा संध्याकाळी जहाजाला हो म्हणायलाय!… म्हणू द्यायचं का?

… ताई, सगळी पंगत माझ्याकडं बघायलीय. … नाही, अण्णा बघत पण नाहीत. काकांपुढं उभे आहेत, हातात टाको… श्श, थांब, काका काहीतरी म्हणायलेत… 'श्रीमंता, पोराच्या हाताला चव हाय लेका, उद्या बी येतो' म्हणाले…

थांब, थांब… अण्णा बोलले…

ताई.

… अगं सांगते ना, सांगते! … अण्णा म्हणाले, 'ये की उद्या. ह्या हितंच गाडी आसंल. पर येताना पैशे घेऊन ये, उद्या काय येळवस न्हाई.'

… अण्णा म्हणाले! स्वतःच्या तोंडानं! पैसे घेऊन ये म्हणाले ताई! आणि वर पंगतीकडं वळून, 'ऐकलं का रं सगळ्यांनी?'… हो गं, खरंच! आई पळी धरून तशीच उभी राहिलीय. भामाकाकू हसायलीय…

हॅलो? ताई? … अगं रडायलीस काय येडे?

… दादा? दादा काय म्हणणार, तो… अगं बाई! तो आतच आहे की! त्या पंख्याच्या घरघरीत त्याला काहीच ऐकू गेलं नाही गं! हा बघ, अजून खाली मान घालून अननस भाजायलाय… थांब, मीच सांगते त्याला. मलाच सांगू दे! ठेव, ठेव फोन—