बंबापुढे बस

सही? मी करू सही? आणि कशावर, तर म्हणे 'माझ्या हातून चूक झाली, पुन्हा असे होणार नाही'! अहो, होणार! पुन्हा होणार, उद्या सकाळी होणार, पहिल्याच फेरीला करून दाखवते! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय मी, ज्यांची नाकं पुसली ती पोरं आता स्वतःच्या पोरांना माझ्या बसमध्ये बसवतात, आणि आठ दिवस माझा परवाना आरटीओच्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आणि मी घरात, मटार सोलत! सही केली तर परवाना परत, नाही केली तर बस कायमची सुटली. का? तर मी आगीच्या बंबाला वाट दिली नाही. नाहीच दिली! मी कुठे नाही म्हणतेय? पण मला एकच सांगा, माझा दिवा लाल होता की नव्हता?

थांबा, तुम्हाला दिव्यांचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही आमच्या ह्यांच्यासारखे नुसती मान हलवाल. शाळेच्या बसला वर दोन दिवे असतात, पुढेही आणि मागेही. बस थांबायला आली की नारिंगी लुकलुकतो. म्हणजे काय, बाबांनो, जरा जपून, हळूहळू जा. बस थांबली, दार उघडलं, की लाल. लाल म्हणजे कुणी हलायचं नाही! पुढून नाही, मागून नाही, मोटार असो, ट्रक असो, नाहीतर लग्नाला उशीर झालेला नवरदेव असो, मी दिवा बंद करेपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. हा कायदा. आता दुसरा कायदा, बंबाचा सायरन वाजला की सगळ्यांनी बाजूला व्हायचं. इथेही सगळ्यांनी! मला वाटतं, एक कायदा सकाळी लिहिला असणार आणि दुसरा पोटभर जेवून झाल्यावर, कारण हे दोन कायदे एकाच गल्लीत एकामागे एक आले तर काय करायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते ठेवलं माझ्यासाठी!

तर दुपारची फेरी. गल्ली ही एवढीशी, एका बाजूला ओळीने मोटारी लावलेल्या. मी थांबले, लाल लावला, दार उघडलं. सात पोरं उतरली. बसच्या पुढून रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या फुटपाथवर आया उभ्या असतात तिथे जायचं. मी रोज मोजते, सवयच आहे, घरी पोळ्यासुद्धा मोजूनच वाढते मी. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा… सहा? उतरली सात! सातवी कुठेय? सातवी म्हणजे बटण. तिला सगळे बटणच म्हणतात, कारण आहेच तेवढी. आणि बसचं नाक असं उंच, की त्याच्या पुढ्यात एवढंसं पोर बसलं तर आपल्याला दिसतच नाही. गोल आरशात बघते तर दप्तराचा नुसता पट्टा दिसतोय. पट्टा आहे, म्हणजे बटण आहे. पण करतेय काय?

आणि नेमका तेव्हाच मागून सायरन! असा, की दातांतलं सिमेंट हललं माझ्या. आरशात बघते तर बंब! आणि बंबावरचा तो भोंगा सुरू झाला, "बस बाजूला घ्या! बस बाजूला घ्या!" मी ढिम्म. मग भोंगा जरा थांबला, खाकरला, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला, "अहो विहीणबाई, गाडी काढा!"

व्याही! आमचे व्याही! माझ्या मुलीचे सख्खे सासरे, बंबाचे ड्रायव्हर! गावात चार बंब, त्यातला हाच यायचा होता माझ्या मागे! आया बघतायत, गॅलरीतली माणसं वाकून बघतायत, आणि मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडतेय, "व्याही, दिवा लाल आहे!" ते भोंग्यातून, "विहीणबाई, आग लागलीय!" मी, "पुढे मूल आहे!" ते, "काय?" मी, "मूल! सायरन बंद करा, ऐकू येत नाही!" ते, "बंद करता येत नाही! नियम आहे!"

नियम आहे! म्हणजे त्यांचा नियम तो नियम, आणि माझा काय चुलीत घालायचा? सांगा ना, दिवा लाल होता की नव्हता?

हॉर्न वाजवला नाही मी. वाजवला असता तर पोर दचकून पळालं असतं, आणि पळालं असतं कुठे, तर ज्या बाजूने बंब घुसला असता तिथेच. लाल बंद केला असता तर बंब घुसलाच असता. हँडब्रेक ओढून बसले. पुढे कुठेतरी कुणाचं तरी घर जळत असेल, कुणाची तरी आजी आत अडकली असेल, हे काय मला कळत नव्हतं? पण ही एक माझ्या नाकासमोर होती आणि मला दिसत नव्हती! आणि मग त्या पट्ट्याच्या जागी एक हात वर आला, हातात पाण्याच्या बाटलीचं झाकण. मागोमाग बटण. घरंगळलेलं झाकण शोधत होती! मला दाखवून अशी हसली, जसं काही मीच हरवलं होतं. आणि गेली, निवांत, मधे थांबून झाकण बाटलीला लावून बघत. सात! लाल बंद, बस पुढे, बंब गेला.

आग कसली, तर गादीवाल्याच्या मागच्या खोलीत दोन गाद्या धुमसत होत्या, कुणाला ओरखडासुद्धा नाही. पण बंबाच्या वहीत लिहिलं गेलं, 'शाळेच्या बसमुळे बावन्न सेकंद उशीर'. लिहिलं कुणी? व्याह्यांनी! स्वतःच्या हाताने! मुलीचा फोन, "आई, बाबांना लिहावंच लागतं गं, आणि तेव्हापासून ते नीट जेवतही नाहीयेत." जेवत नाहीत? माझ्यावर तर उपाशीच मरायची वेळ आली होती! आणि आमचे हे, "करून टाक ना सही. सहीला काय लागतं?" शाई लागते, म्हटलं, आणि लाज सोडावी लागते!

मग नवव्या दिवशी चौकशी, व्याहीही साक्षीला हजर. साहेबांनी दोन्ही नियम वाचले, चष्मा काढला, पुसला, परत वाचले. म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत." म्हटलं, साहेब, मग माझ्या सहीचा कागद फाडा! तेवढ्यात दिवे तपासणारा आला, बारीकसा माणूस, हातात रंगांच्या पट्ट्या, साड्यांना मॅचिंग बघतात तशा. कचेरीच्या अंगणात उभ्या माझ्या बसवर चढला, मागच्या दिव्याला पट्टी लावली, जीभ चावली, आणि खाली उतरून म्हणाला, "साहेब, हा लाल नाही. काचेचा रंग उन्हाने उडालाय. नियमाच्या पट्टीप्रमाणे हा नारिंगी."

नारिंगी! म्हणजे काय, तर जरा जपून, हळूहळू जा! म्हणजे कायद्याने मी कुणाला थांबवलंच नव्हतं, नुसती रस्त्यात आडवी उभी होते! साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. पेन ठेवलं. मी म्हटलं, "पट्टी जाऊ द्या चुलीत, साहेब! मी उभी होते आणि पोर जिवंत आहे, याच्यावर सही मागा, दहा करते! या कागदावर मेले तरी नाही!" आवाज फाटला माझा. रडू आलं, आलं तर आलं.

साहेब व्याह्यांकडे वळले. "बंबातून तुम्हाला कोणता दिसला? नीट आठवून सांगा." व्याह्यांनी टोपी काढली, परत घातली. नारिंगी म्हणाले असते तर संपलं होतं. म्हणाले, "लाल दिसला, साहेब. सत्तावीस वर्षं आगी बघतोय. लाल कसा असतो, मला कळतं."

झालं! कागद फाडला, नवीन काच बसवायचा हुकूम निघाला, परवाना हातात. बाहेर आल्यावर मी डोळे पुसले, म्हटलं, "व्याही, खरंच लाल दिसला का हो दिवा?" तर म्हणतात, "दिव्याकडे कोण बघतंय, विहीणबाई? खिडकीतून तुमचं तोंड बाहेर आलं, लालबुंद. मी गपकन ब्रेक मारला."

आणि परवा मुलीकडे सगळे जमलो होतो. पंख्याखालची खुर्ची माझी, पहिल्यापासून माझी, मुलगीसुद्धा तिथे बसत नाही. बावीस वर्षांत भोंगा लावून ओरडणाऱ्या बंबाला वाट दिली नाही मी… आणि व्याही दारात येऊन नुसते खाकरले, तर मी उठून बाजूला झाले की हो!