वसतिगृहात राहायचं ठरलं तेव्हा

आमच्या ऋतुजाच्या शाळेचं कसं ठरलं, ते सांगते तुम्हाला. पोरगी नववीत जाणार होती. तिच्यासाठी लातूरची एक शाळा बघितली होती, तिथं वसतिगृहही होतं अन् घरून येणारी पोरंही होती. उदगीरहून रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं. ह्यांनी ठरवूनच टाकलं, की मी लातुरात खोली करून राहायचं, म्हणजे पोरीला घरचं जेवण मिळंल. माझ्या उदगीरच्या शिवणाच्या दुकानाचा विषय कुणी काढलाच नाही. मीही नाही.

प्रवेश घ्यायला तिघंही लातूरला गेलो, तेव्हा शाळेतल्या मॅडमनी ऋतुजालाच विचारलं, "तुला कुठं राहायचंय?"

"वसतिगृहात," ती म्हणाली.

हे म्हणाले, "आईबिगर करमंल का तुला?"

"सुरुवातीला न्हाई करमणार, पप्पा. पण आईला तरी इथं दुकानाबिगर करमंल का? तिला विचारलं का तुम्ही?"

हे माझ्याकडं वळले. "न्हाई करमणार का तुला?"

"न्हाई," मी म्हणाले. एवढंच बोलले, पण लई हलकं वाटलं.

जूनमध्ये ऋतुजाला वसतिगृहात सोडून आम्ही बसनं परत निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत हे खिडकीबाहेरच बघत होते. मग हळूच म्हणाले, "उद्या दुकान किती वाजता उघडतेस? मी सोडतो तुला."