शुगर बाबांची उतरली

...नाही, पण मला एक सांगा, एका मनुकेकडे माणूस किती वेळ बघू शकतो? एका! तीही सुकलेली! उचलली, तोंडात टाकली, विषय संपला, बरोबर? मीही तेच केलं. आहारवाल्या ताईंनी आम्हा बापलेकीच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "आता हिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा बघतोय असं बघायचं... हिच्या सुरकुत्या बघायच्या... वास घ्यायचा..." त्यांचं वाक्य संपायच्या आत माझी मनुका पोटात! भूक लागली होती हो, सकाळपासून रक्त द्यायला उपाशी बसवलेलं! वळून बघते तर बाबा... तुम्हाला सांगते, बाबांच्या डोळ्यांत पाणी. मनुकेसाठी! मी पदवीला वर्गात पहिली आले तेव्हा या माणसाने पेपरातून डोकं वर न काढता "बरं" म्हटलं होतं. मला बरं, आणि मनुकेला अश्रू!

आणि पुढे शुगर कुणाची उतरली? बाबांची!

खरं तर मी गेले होते नुसती सोबत म्हणून. बाबांना सारखी तहान लागायची, आई म्हणाली, जा गं त्यांच्याबरोबर, ते डॉक्टरांशी भांडतील. तिथली नर्स म्हणाली, वडिलांना आहे तर तुम्हीही तपासून घ्या. घेतलं. बाबांची तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आठ पॉइंट चार, माझी आठ पॉइंट तीन. सत्ताविसाव्या वर्षी! मी रडायच्या बेतात, आणि बाबा कसे बघतायत माझ्याकडे, तर कौतुकाने! "बघ, नाक माझं, कपाळ माझं, आता हेही माझंच." अहो, काय वारसा आहे का हा? घर द्या, दागिने द्या, हे काय देताय?

डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकेक गोळी दिली. म्हणाल्या, अर्धं ताट भाज्या, भात मुठीएवढा, जेवल्यावर चालायचं, आणि खाताना लक्ष खाण्यावर. तीन महिन्यांनी बघू, खाली आली तर हीच गोळी पुरे, नाही आली तर दुसरी वाढवू. आता, माझ्या आत्याचं असंच दुसरीपासून सुरू झालं होतं. आज तिचा गोळ्यांचा डबा माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा मोठा आहे. मी ठरवलं, दुसरी गोळी माझ्या घशाखाली जाणार नाही. आणि खरं सांगू? बाबांच्या आधी माझी उतरली पाहिजे. का म्हणजे? मी शिकलेली आहे! मी लेख वाचते! मला रक्तातल्या साखरेचे आलेख समजतात!

आणि बाबा कोण? गाडी शिकवणारे! सगळी हयात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूला बसून ओरडण्यात गेली. "ब्रेक! अहो ब्रेक! तो ब्रेक आहे, पायपुसणं नाही!" हा माणूस शांत चित्ताने जेवणार? मी मनात म्हटलं, झालंच!

तर झालं की हो! मनुकेनंतर बाबा एकदम निराळेच. जेवणाला बसले की ताटासमोर आधी हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचं. मग आधी भाजी. घास उचलायचा, थांबायचं, चावायचं, चावायचं, चावायचं... आमच्या भिंतीवरचं घड्याळ कंटाळलं, पण बाबा नाही. वर मला शिकवणार! "घाई करू नकोस पोरी, पुढचा घास कुठे पळून जात नाही. आधी हा पूर्ण होऊ दे, मग तो."

पोरी! पूर्ण होऊ दे! अहो, अठराव्या वर्षी मला गाडी शिकवताना ही शांती कुठे ठेवली होती? तेव्हा माझ्या कानात "क्लच! क्लच! क्लच!" मी भर चौकात गाडी बंद पाडली, दार उघडं टाकलं आणि चालत घरी आले. आजतागायत मला गाडी येत नाही! गावभरच्या पोरांना यांनी परवाने मिळवून दिले आणि पोटची पोरगी रिक्षाने फिरते. आणि दुधीभोपळ्याशी मात्र किती प्रेमाने वागणं! मी जळत नाहीये हं. मी फक्त सांगतेय.

मला कुठून येणार ही शांती? मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत, "हे नीट दिसतं, की हे? पहिलं, की दुसरं?" डबा खायचा तो फ्रेमच्या कपाटामागे उभ्याने, गाजर दाताखाली गेलं की बाहेरून मालकांचा आवाज, "मॅडम, पेशंट!" मी काय त्या पेशंटला सांगू, थांबा काका, माझं गाजराशी नातं जुळतंय? लक्षपूर्वक जेवायला वेळ लागतो, आणि वेळ असतो निवृत्त माणसांकडे!

रोज सकाळी बोटाला टोचून बघायचं. महिन्याभराने बाबांचं यंत्र एकशे पंधरा, एकशे अठरा. माझं एकशे एकसष्ट. आई लगेच, "अहो, किती छान हो तुमचं!" तीस वर्षं जी बाई या माणसाच्या ओरडण्याला कंटाळून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, ती आता त्यांच्यासमोर हनुवटीखाली हात घेऊन बसते आणि त्यांचं चावणं बघते! मी एकशे एकसष्ट म्हटलं तर म्हणाली, "तू जरा बाबांकडे बघून शीक." बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींनी तर त्यांना बाकावर उभं करून दोन शब्द बोलायला लावले. कशावर? मनःशांतीवर! बाबांना!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस चोरून खात असणार! नसेल तर एवढा आनंदी कसा? रोज रात्रीचं जेवण झालं की एकटेच चालायला निघतात, "तू दमून आली असशील, झोप." मला का नको बरोबर? कोपऱ्यावर बेकरी आहे, म्हणून! शुगरचं यंत्र फसत असेल, मी फसणार नव्हते. रंगेहाथ पकडायचं ठरवलं.

निघाले मागे. ते पुढे, मी वीस पावलं मागे. ते थांबले की मी टपालपेटीआड. ते वळले की मी बुटांच्या दुकानाच्या काचेत तोंड घालून. आणि बाबा चालतात किती माहितीये? पूल ओलांडला, गॅरेज मागे टाकलं, शाळेला वळसा... मला धाप लागली, पण सोडते काय! पहिल्या दिवशी काही सापडलं नाही. म्हटलं, आज सावध असतील, उद्या. उद्याही नाही. परवाही नाही. मी हट्टाला पेटले. पाऊस असो, पाय दुखोत, मालकांनी उशिरापर्यंत थांबवलेलं असो, जेवले की चपला घालून बाबांच्या मागे. घास गिळून पळायला लागले तर पोटात कळ यायची, म्हणून नाइलाजाने हळू चावायला लागले. भात जास्त झाला की चालवेना, म्हणून भात कमी केला. पुरावा गोळा करायचा तर अंग हलकं नको?

आणि शेवटी एकदा थांबले! बेकरीसमोर! मी विजेच्या खांबामागे, मोबाइलचा कॅमेरा तयार. बाबांनी डोळे मिटले. छातीभरून श्वास घेतला. ताज्या पावाचा वास... सोडला. पुन्हा घेतला. आणि हसून पुढे निघून गेले! नाकाने खाल्लं! याला कुठल्या कलमाखाली पकडायचं, सांगा!

तेवढ्यात बेकरीवाल्या काकू दारात. "या की! तुम्ही त्यांच्या मागून रोज पळत जाता ना? ते नुसता वास घेऊन गेले. तुम्हाला काय देऊ?"

मी म्हटलं, "मलाही वासच."

तीन महिने झाले, पुन्हा रक्त, पुन्हा डॉक्टरीणबाई. आधी बाबांचा कागद. सात. "वा काका!" मी मनात, घ्या, उतरली बाबांची! मग माझा. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मला वाटलं, आली दुसरी गोळी. तर म्हणाल्या, "सहा पॉइंट सात. गोळी वाढवायची गरज नाही. असं काय केलंत?"

"चालले."

"रोज?"

"रोज."

"इतकी चिकाटी आणलीत कुठून?"

मी म्हटलं, "आतून आली." खोटं नव्हतं!

सहा पॉइंट सात! बाबांपेक्षा कमी! हरवलं मी त्यांना! मी वळले, तुम्हाला सांगते, याच क्षणासाठी मी खांबांमागे उभी राहिले होते. बाबांचं तोंड उतरलेलं बघायचं होतं मला. निदान ओठ तरी मुडपतील? निदान "बरं" तरी म्हणतील? कसचं काय! बाबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवतायत! आईला फोन, "अगं, पोरगी पुढे गेली माझ्या!" नर्सला सांगतायत, बाहेर बसलेल्या अनोळखी पेशंटांना सांगतायत, औषधवाल्याला खिडकीतून ओरडून सांगतायत!

मला राहवेना. रिक्षात विचारलंच, "बाबा, मी तुमच्या पुढे गेले. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," म्हणाले, "फार बरं वाटतं."

बघा! तीन महिने रात्रंदिवस जळून मी या माणसाला मागे टाकलं, आणि याला साधं जळताही येत नाही! शुगर अखेर उतरली माझी... आणि जिंकलं कोण? बाबा!