भोंगा दिला की सुकाणू सुटते

नाव: ओळखपत्राप्रमाणे, प्रत जोडली आहे. कामावर सगळे लिफ्टवाली ताई म्हणतात. वय: ३९ वर्षे. धंदा: लिफ्ट दुरुस्ती व देखभाल. राहणार: पाण्याच्या टाकीमागची इमारत, चौथा मजला. इमारतीला लिफ्ट नाही.

मी आज दुपारी साडेतीन वाजता ठाण्यात स्वतःच्या पायांनी आले, मला कोणी धरून आणलेले नाही. विचारल्यावरून, आणि काही ठिकाणी न विचारताही, सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी व माझे वडील असे दोघेच राहतो. वडील वय ७१, चाळीस वर्षे लिफ्टचे मेकॅनिक होते. हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, डावा थोडाफार चालत होता. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितले की डाव्या बोटांना रोज काम द्या. रबरी चेंडू दाबायला वडील तयार नव्हते. "मी काय तान्हं बाळ आहे का?" असे म्हणून त्यांनी चेंडू खिडकीतून खाली टाकला. म्हणून मी त्यांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला. नदीवर प्रवासी बोट चालवायची, माणसे या काठावरून त्या काठावर न्यायची, एवढाच खेळ आहे. त्यात सगळी बटणे डाव्या हाताकडे घेण्याची सोय आहे. खोक्यावर तसे छापले होते व ते वाचूनच मी घेतला.

वडील रोज सकाळी दोन तास बोट चालवत. सात महिन्यांत ते शर्टाची बटणे आपली आपण लावू लागले.

त्यानंतर कंपनीने खेळाचे अपडेट पाठवले. तेव्हापासून धक्क्याला लागताना बोट एकाएकी वाकडी होऊन आपटू लागली. वडिलांनी कंपनीच्या चर्चेच्या पानावर तशी तक्रार लिहिली. त्या पानाची देखरेख कंपनीतर्फे 'जुना खलाशी' या टोपणनावाचा इसम करतो. त्याने उत्तर दिले, "काका, आमच्याकडे असं काही होत नाही. थोडा सराव करा, जमेल." वडिलांनी लिहिले की सराव सात महिन्यांचा आहे. मग बाकीचे सरसावले. एकाने लिहिले, "आजोबा, पत्ते खेळा." दुसऱ्याने विचारले, "डावा हात कोणता ते नक्की माहीत आहे ना?" त्याला एकशे बारा जणांनी पसंती दिली. जुन्या खलाशाने तक्रारीवर 'खेळाडूची चूक' असा शेरा मारून ती बंद केली व पुढे हसरा चेहरा टाकला. तो हसरा चेहरा वडिलांनी मला दोनदा दाखवला.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी कंट्रोलर कपाटात ठेवला आणि शर्टाची बटणे मला लावायला सांगितली. मी म्हणाले, "बाबा, सोडा हो, टवाळ पोरं आहेत." ते म्हणाले, "बरोबर बोलतात ती. खेळ चांगला आहे, हातच गेलाय माझा." फिजिओच्या बाई आल्या की ते डोळे मिटून पडून राहत. बावीस दिवस असे गेले. मला त्या लोकांचा राग आला होता व अजून आहे, हे लिहून घ्यावे.

माझाही दोष सांगते. आधी मलाही वाटले होते की हातच थकला असेल. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणाले लिफ्ट अडकते, तर "तुम्ही बटण चुकीचं दाबलं असेल" असे म्हणायचे नाही. त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरायचे आणि त्याला नेहमीसारखे दाबू द्यायचे. हे मला वडिलांनीच शिकवले आणि नेमके त्यांच्याच वेळी मी विसरले.

तेविसाव्या दिवशी मी रजा टाकली, त्यांना बळेच बसवले व शेजारी वही घेऊन बसले. एकतीस फेऱ्या झाल्या. धक्का आला की वडील भोंगा देत, आणि भोंगा दिला की सुकाणूचा ताबा दोन सेकंद उजव्या हाताच्या बटणांकडे जाई. मी स्वतः भोंगा देऊन पाहिला, तेच झाले. न देता दहा फेऱ्या केल्या, बोट एकदाही आपटली नाही. खेळात भोंग्याची सक्ती नाही, त्यामुळे कोणी देतच नाही. वडील देतात, कारण लिफ्ट हाताने हलवण्याआधी खाली कोणी असेल म्हणून हाळी द्यायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय आहे. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, "लेक आहेस, माझ्या बाजूनंच लिहिशील."

मी तोच मजकूर तारखांसह पानावर टाकला. जुन्या खलाशाने लिहिले, "ताई, मग भोंगा वाजवू नका. विषय संपला." आणि वारंवार तीच तक्रार केल्याबद्दल आमचे खाते बंद केले. वडील एवढेच म्हणाले, "भोंगा न देता कसं लागायचं? धक्क्यावर माणसं उभी असतात." कंट्रोलर पुन्हा कपाटात गेला.

आज प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कंपनीचा स्टॉल होता. फलकावर 'या, खेळून बघा' असे लिहिले होते. आम्ही तिकीट काढून रांगेत उभे राहिलो. अकरा चाळीसला पाळी आली. मी डाव्या हाताची सेटिंग लावून वडिलांना खुर्चीवर बसवले. पडदा भिंतीएवढा होता. वडिलांनी भोंगा दिला, बोट आपटली, नऊ प्रवासी पाण्यात पडले. जुना खलाशी तिथेच होता, छातीवर टोपणनावाची पट्टी, वय अंदाजे पंचवीस. तो म्हणाला, "पहिल्यांदा खेळताना होतं असं, काका." मी म्हणाले, "तुम्ही खेळा आणि भोंगा द्या." तो हात मागे बांधून उभा राहिला. रांगेतल्या एका बेकरीवाल्याने कंट्रोलर मागून घेतला व उभ्यानेच बोट चालवून भोंगा दिला. त्याचीही आपटली. तो म्हणाला, "अहो, यांचं बरोबर आहे की." त्याने कंट्रोलर वडिलांच्या हातात परत दिला. मग मागून चार-पाच जण "भोंगा द्या, भोंगा द्या" म्हणू लागले. तेव्हा सुरक्षारक्षकाला बोलावण्यात आले.

कंपनीची तक्रार आहे की मी पन्नास मिनिटे खुर्ची अडवली व अर्वाच्य बोलले. "तुम्ही लिफ्टच्या धंद्यात असतात तर माणसं मेली असती" असे मी बोलले. ते अर्वाच्य नाही व मी ते मागे घेत नाही. ठाण्यात आल्यावर कंपनीच्या साहेबांनी सुचवले की गैरसमज झाला असे लिहून द्या, आम्ही तक्रार मागे घेतो, वर दोन नवे खेळ फुकट देतो. मी नाही म्हणाले. कोणाचाही गैरसमज झालेला नाही, अख्ख्या रांगेने पाहिले आहे.

तक्रारीत एक मात्र चूक आहे. खुर्ची मी अडवलेली नाही. दोष सर्वांना दिसला तिथे माझे काम संपले होते. मी दोनदा म्हणाले, "चला बाबा, घरी जाऊ." त्यांनी कंट्रोलर सोडला नाही. रक्षकाने खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते म्हणाले, "थांब रे, अजून माणसं चढतायत," आणि भोंगा दिला. पुढच्या सर्व फेऱ्या त्यांनी आपल्या मर्जीने केल्या. मी फक्त रक्षक आणि खुर्ची यांच्या मधे उभी होते.

हा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. 'राग' हा शब्द काढायचा का, असे त्यांनी विचारले. काढू नये. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

सही केल्यावर आणखी सांगते की, वडील बाहेर बाकावर बसले आहेत. खुर्ची अडवणारा म्हणून आधी त्यांचे नाव व त्याखाली माझे, अशी दुरुस्ती झाल्याशिवाय ते तिथून उठायला तयार नाहीत.